घाई: हो

रोजची पंधरा मिनिटं वाचवावीत, एवढंच माझ्या मनात होतं. त्यात कोणाचं वाईट चिंतलं होतं, असं अजूनही मला वाटत नाही.

प्रेमला, म्हणजे माझी बायको, सात गोष्टी तपासल्याशिवाय कुलपाला हात लावत नाही. बरं, मनातल्या मनात तपासेल तर शपथ. ती ओसरीतून विचारणार आणि मी घरभर पळत उत्तरं देणार.

"गॅस?"

"बंद."

"नळ?"

"बंद."

"मोरीतलं फडकं?"

"काढलं बाप्पा!"

(झुरळं वर येऊ नयेत म्हणून रात्री मोरीच्या भोकात फडकं कोंबलेलं असे.) मग मागची कडी, दूध, इस्त्री आणि देवाजवळचा दिवा. सातही उत्तरं मिळाली की आम्ही सुटलो.

तेव्हा मी भिलाईतल्या एका लहानशा कारखान्यात कॉम्प्युटरवर होतो. साल त्र्याण्णव. हजेरीचा प्रोग्राम चालवण्याआधी रोज त्याच्या टेस्ट चालवाव्या लागत. कधीच न जन्मलेले वीस कामगार, त्यातला कोणी उशिरा आलेला, कोणी दोन शिफ्टा केलेला. मशीन आधी त्यांची हजेरी लावून बघे, मग खऱ्यांची. यात वीस मिनिटं जात आणि बाहेर खरे कामगार बोंबलत. मी युक्ती काढली. सकाळी मशीनला एक शब्द सांगून ठेवायचा: 'घाई = हो'. टेस्टच्या दारात मशीन तो शब्द वाचतं आणि 'हो' दिसलं की टेस्ट गाळून सरळ पुढं जातं. इंग्रजीत याला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. आमचे दीनानाथसाहेब खूश झाले. मग मला वाटलं, ही अक्कल ऑफिसातच का सांडायची?

मी एक पुठ्ठा कापला. एका बाजूला लिहिलं 'घाई: हो', दुसऱ्या बाजूला 'घाई: नाही', आणि दाराजवळच्या खिळ्याला टांगला. 'नाही' असेल तर सातही तपासण्या. 'हो' असेल तर फक्त कुलूप.

प्रेमलानं पुठ्ठा दोन्हीकडून पाहिला. "हे कावून लटकवलं?"

मी तिला सगळं समजावलं.

"म्हणजे घाई असली का घर जळू द्याचं?"

"जळत नाही गं काही. रोज तपासतो, रोज सगळं बंदच असते का नाही?"

"तपासतो म्हणून बंद असते!" ती म्हणाली. (हा मुद्दा मला तेव्हा फालतू वाटला.)

त्याच आठवड्यात तिला साड्या घ्यायला दोन दिवस रायपूरला जायचं होतं. नागपूरला तिच्या भावाच्या मुलीचं, गीताचं, लग्न होतं. रुखवतासाठी प्रेमलानं पिठीसाखर आणि डिंक मळून लोखंड वितळवायची भट्टी बनवली होती. धुराडं, शिड्या, पाइप, सगळं साखरेचं. पोलादाच्या कारखान्याच्या गावातल्या, भिलाईच्या आत्याचं रुखवत म्हटल्यावर लाडवांचं मंदिर नेऊन चालणार होतं थोडंच? दोन महिने तिचं हेच चाललेलं. भट्टी मागच्या खोलीत पाटावर होती, भोवती मुंग्या येऊ नयेत म्हणून हळदीची रेघ.

"हिले काही झालं तर मी लग्नाले जाणार नाही," ती जाताना म्हणाली. "समजलं ना तुमाले?"

समजलं होतं.

पहिल्या दिवशी स्कूटर चालू होईना. मी पुठ्ठा 'हो' केला, कुलूप लावलं आणि पळालो. संध्याकाळी येतो तो घर जागच्या जागी. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

दुसऱ्या दिवशी मला लवकर जाग आली. दोन वेळा चहा घेतला, पेपरातल्या छोट्या जाहिरातीही वाचल्या. निघताना पुठ्ठ्याकडे पाहिलं. 'घाई: हो.' मी फक्त कुलूप लावलं आणि शीळ घालत निघालो.

आता तुम्ही म्हणाल, घाई कुठं होती? नव्हतीच. पण पुठ्ठ्यावर होती ना! ऑफिसात संध्याकाळी मशीन बंद केलं की तो शब्द आपोआप पुसला जातो, दुसऱ्या सकाळी पाटी कोरी. घराला बंद करायचं बटण नसतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

नळ उघडा राहिला होता. सकाळचं पाणी आठला जायचं, मी निघालो तेव्हा तो कोरडा होता, म्हणून कळलं नाही. चारला पाणी आलं. मोरीत फडकं होतंच.

साडेपाचला मी आलो तेव्हा शेजारच्या सिंधुताई लुगडं खोचून आमच्या पायरीवर उभ्या होत्या आणि दाराखालून पाणी येत होतं.

"काय जी भाऊजी, घरातच शिवनाथ नदी सोडली का?"

मी धावत मागच्या खोलीत गेलो. पाटावर धुराड्याचा शेंडा तेवढा उरला होता. बाकीची भट्टी गोड पाणी होऊन खाटेखाली गेली होती. मला खरंच रडू आलं. दोन महिने ती बाई पाठ मोडेस्तोवर साखर मळत होती, आणि मी पुठ्ठा वाचत होतो.

मग मी सुपेल्याच्या बाजारातून दोन किलो पिठीसाखर आणली. आपल्याला भट्टी जमेल, असं मला का वाटलं, कोण जाणे. डिंक जास्त झाला. रंग द्यायला चहाची पत्ती घातली. दुसऱ्या दिवशी प्रेमला आली तेव्हा पाटावर पिवळट-काळा, एका बाजूला कललेला लोंदा होता.

तिनं लोंद्याकडे पाहिलं. मग पुठ्ठ्याकडे. पुठ्ठा अजून 'हो'च म्हणत होता.

"प्रेमला, मी चुकलो. पण लग्नाले चाल."

"जाईन ना. न जाऊन कशी राहीन?" ती शांतपणे म्हणाली. "भट्टी सिंधुताईकडे आहे."

"मग वाहून गेली ती?"

"थे पयली होती, सरावाची. धुराडं वाकडं झालतं तिचं. तुमाले काय वाटलं, पुठ्ठा तुमालेच लावता येते? 'हे घरी एकटे: हो' असा पुठ्ठा माह्या मनात लग्नापासून लटकून राह्यला. थो दिसला का मी घरात काही ठेवत नाही."

नागपुरात रुखवताच्या टेबलावर तिची भट्टी दिमाखात उभी होती. शेजारी, मला न विचारता, माझा लोंदा. त्यापुढं गीताच्या सुबक अक्षरात चिठ्ठी: 'स्लॅग. भट्टीतून निघालेली मळी. बनवणारे: फुवाजी.' (फुवाजी म्हणजे आत्याचा नवरा, मीच.)

मी हार मानणारा नव्हे. परतताना गाडीत प्रेमलाला म्हटलं, "काही म्हण, गर्दी माह्याच आयटमपुढं जास्त होती."

"हो ना," ती म्हणाली. "हळदीची रेघ माराची राहूनच गेली त्याच्याभोवती."