परब भावोजींचे न लागलेले नंबर

लॉटरी न लागल्याचे पेढे वाटणारा माणूस आमच्या अख्ख्या घाटकोपरात एकच, शेजारचे परब भावोजी. शेवटचा आकडा सात हवा होता, आठ आला. "एकाने हुकला, वैनी! वाट सापडली त्याला आपल्या घराची. आता नंबर येतलोच!"

मी म्हटलं, "अहो, हुकला म्हणजे हरलात." तर माझ्याकडे असे बघतात, जणू मीच अडाणी.

हरणं म्हणून काही असतं, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नाही. तिकीट स्वतः डाव्या हाताने, गठ्ठ्याच्या मधून ओढलेलं हवं. स्टॉलवाल्याने काढून दिलं आणि ते गेलं, तर हरला स्टॉलवाला. चुकून दोनशे लागले, तर अक्कल ह्यांची! एकदा ते तिकीट ओढताना मी शिंकले, तर आठवडाभर माझ्याशी अबोला.

त्यांची बायको नंदा माझी जिवाची मैत्रीण. गणपतीला गावी जायचे पैसे तिकिटांत गेले, तेव्हा ती उठून मुलुंडला भावाकडे गेली. दर रविवारी भावोजी तिला आणायला जातात आणि हात हलवत परत येतात. चेहरा मात्र झकास! "इतक्या वेळा नाही म्हणाली, म्हणजे आता हो म्हणायची पाळी जवळ आली. साधा हिशेब आहे!" धन्य आहे बाई ह्या माणसाची.

गेल्या रविवारी मलाही नेलं. म्हणे, माझा पायगुण चांगला. नंदाने दार अर्धंच उघडलं. भावोजींनी दारातच तो हिशेब सुरू केला.

ती म्हणाली, "अहो, मी काय तिकीट आहे? आज नाही तर पुढच्या खेपेला लागेन?"

मला वाटलं, आता खापर माझ्यावर फुटणार. पण भावोजी खाली बघत म्हणाले, "माझाच चुकला, नंदा. सकाळी अजून दोघांचा चहा टाकतो गो. तुझा कप तसाच थंड होतो."

मला भरूनच आलं. इतक्या वर्षांत स्वतःची चूक ह्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते.

नंदाने पदराने नाक पुसलं. मग दार पूर्ण उघडून म्हणाली, "चपला बाहेर काढा. आणि खिशात तिकीट असेल, तर तेही."

भावोजींनी आधी तिकीट काढलं. मग चपला.