माळावरचा समुद्र

आमच्या सिद्रामप्पांना घराबाहेर पडायचं झालं तरी आधी वारा बघावा लागे. दारात उभं राहायचं, वाकून चिमूटभर माती उचलायची, डोळ्यांसमोर धरून सोडायची आणि ती कुठं उडते ते बघून मान डोलवायची. मग पाऊल टाकायचं. ही माती बहुधा माझ्या डोळ्यांत जाई, कारण मी शेजारी. एका लग्नात तर ह्या गृहस्थानं अक्षता टाकण्याआधी वारा बघितला! बिचारा नवरदेव मुंडावळ्यांआडून डोळे चोळत उभा होता.

सिद्रामप्पा सोलापूरच्या एका गिरणीत हेडक्लार्क आणि मी त्यांच्या हाताखाली. हे खूळ त्यांना लागलं ते गोल्फपायी. एका उन्हाळ्यात गिरणीचा साहेब मलबारकडे समुद्रकाठी हवा खायला गेला आणि कागदपत्रं बघायला ह्यांना बरोबर घेऊन गेला. तिथं साहेबलोकांचं गोल्फचं नामांकित मैदान होतं. काठीनं चेंडू मारत मारत, कमीत कमी टोल्यांत, लांबच्या खड्ड्यात घालायचा, एवढाच खेळ. साहेबाला जोडीदार मिळेना, म्हणून त्यानं ह्यांच्या हातात काठी दिली. झालं! अप्पा परत आले ते एक जुनी काठी, थोडे चेंडू आणि न संपणारं तत्त्वज्ञान घेऊन.

"पंत, ह्यो ताकदीचा खेळ न्हाय, डोस्क्याचा हाय," मला रस्त्यात गाठून ते सांगत. "डाव्या अंगाला समुद्र. तिकडनं गेलं तर खड्डा जवळ, पण चुकलात की बुडालात. उजवीकडनं लांब, पण बिनघोर. बोला, कुटनं जाता?"

मला भाजी आणायला जायचं असे. मी म्हणे, "उजवीकडनं."

"लई भित्रे हाईसा की वो!"

पुढं गिरणीमागच्या माळावर त्यांनी तेच मैदान उभारलं. हिरवळीच्या जागी कुसळं, वाळूच्या जागी मुरूम. आणि डाव्या अंगाला, बाभळींपासून पार आमच्या घरांपर्यंत, समुद्र! पाण्याचा टिपूस नाही, पण समुद्र म्हणजे समुद्र. तिकडं गेलेला चेंडू समोर पडलेला दिसे, पण उचलायची सोय नाही. "बुडाला त्यो," म्हणून दंडाचा एक टोला मोजायचा आणि काठावरून दुसरा चेंडू मारायचा. धनगराची मेंढरं त्या समुद्रात खुशाल चरत. एकदा त्यानं चेंडू आणून दिला, तर अप्पा खेकसले, "आत कशापायी गेलतास? भरती हाय आता!" तो आपल्या कोरड्या धोतराकडं बघत राहिला. तेव्हापासून तो चेंडू गुपचूप काठावर ठेवून जाई आणि अप्पा खुशीत म्हणत, "लाटंनं आणून टाकला की."

माळावर ते रोज बायकोलाही नेत. गौराबाई काठावरच्या दगडावर बसून राहत. समुद्र बघायचा, एवढं एकच त्या माउलीचं जन्माचं मागणं. पण मलबारला साहेबानं बायका आणायला मनाई केली होती, आणि गिरणीत रजा मिळायची ती लग्नाला, नाहीतर मयताला. अशा बाईला ह्या शहाण्यानं रोज कुसळं दाखवायला आणावं, ह्याचा मला खरोखर संताप येई.

एका वर्षी ह्या मैदानाची बातमी साहेबाच्या कानावर गेली. एका रविवारी तो हसत हसत खेळायला हजर झाला. "सिड्राम, टुम जीटेगा तो मई में हमारे साथ समंदर चलो. बीबी को भी लाओ!"

गौराबाईंनी पदर तोंडाला लावला.

खरं सांगतो, अप्पा फार सुरेख खेळले. शेवटच्या खड्ड्याशी दोघं बरोबरीत होते. साहेब उजवीकडून लांबच्या वाटेनं गेला. अप्पांनी माती सोडून वारा बघितला, डावीकडची जवळची वाट धरली आणि टोला हाणला. चेंडू निघाला झकास, पण ऐनवेळी मेली वावटळ उठली आणि तो समुद्रात जाऊन पडला. काठापासून जेमतेम चार पावलांवर. खड्डा तिथून इतका जवळ की मीसुद्धा घातला असता.

साहेब दिलदार होता. "मारो, मारो! पानी किढर है?"

अप्पांनी मान हलवली. "बुडाला, साहेब."

"अहो अप्पा, मारा की!" मी ओरडलो.

छे! त्यांनी दंडाचा टोला घेतला, काठावरून दुसरा चेंडू मारला आणि त्या एका टोल्यानं हरले. साहेब पोट धरून हसला, "पागल" म्हणाला आणि मोटारीत बसून निघून गेला.

माझं डोकं फिरलं. गौराबाईंच्या देखतच मी सुनावलं, "लाज वाटायला हवी तुम्हाला! नसलेल्या समुद्रापायी वहिनींचा खरा समुद्र घालवलात!"

अप्पा काठी पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "पंत, मलबारातनं आलो तवा ही लई रडली वो. म्हनून तिला हितं समुद्र करून दिला. रोज सांगतोय, ह्यो बघ, हितनं पानी चालू होतंय. आज तिच्यासमोर त्यातनं कोरड्या पायानं चालत जाऊ व्हय?"

माझे डोळे भरून आले होते, ते दिसू नयेत म्हणून मी वळलो आणि माळातून सरळ घराकडं निघालो.

"अवो भावजी!" मागून गौराबाईंची हाक आली. "तिकडनं नगा जाऊ. पाय भिजतील की."

मी मुकाट्यानं मागं फिरलो आणि त्या दोघांच्या पाठोपाठ काठाकाठानं घरी गेलो.