आमच्या घराला धुराडंच नाही!

माप म्हटलं की आपल्या नजरेतून काही सुटत नाही, असं मापसाहेब छातीठोकपणे सांगत. आणि का सांगू नये? दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. ते नुसते दुकानात शिरले तरी दुकानदार मूठभर जास्तच घाले! "मापात पाप मी खपवून घेत नाही!" हे वाक्य घरात इतक्या वेळा म्हणून झालं होतं की बायको भाजी चिरता चिरता ते त्यांच्याआधी म्हणून टाकी.

त्यामुळे छपरवाल्या कंपनीचा खर्चाच्या अंदाजाचा कागद हातात पडला तेव्हा मापसाहेब जेवणाच्या ताटावरून उसळले.

"माणूस आला नाही, शिडी लागली नाही, टेप उलगडली नाही, आणि माप तयार? तू गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप न लावता कोट शिवतेस का?"

"विमानातून फोटो काढतात म्हणे," बायको म्हणाली. "वरून काढतात, तिरपे काढतात, आणि त्यावरून लांबी, रुंदी, उतार सगळं मोजतात. फोनवरच्या मुलीनं समजावलं मला."

"माझ्या घराचे फोटो? मला न विचारता?"

"अहो, सगळ्या गावाचेच काढतात. तुमच्या घरासाठी कोण विमान उडवतंय! सही करा आणि मोकळे व्हा. माझी खोली गळतेय."

खरी गोष्ट हीच होती. शिलाईच्या खोलीत ऐन मशीनवरच छप्पर गळत होतं. गेल्या पावसाळ्यात गिऱ्हाइकांचे कपडे भिजले, दोघी-तिघी कायमच्या तुटल्या. आता कुठे शाळेच्या गणवेशांचं मोठं काम मिळालं होतं, आणि पावसाच्या आत खोली कोरडी झाली नाही तर तेही हातचं जाणार होतं.

मापसाहेबांनी प्रयत्न केले नव्हते असं नाही हं! दर रविवारी जेवण झालं की ते हत्यारांची भली मोठी पिशवी घेऊन मागच्या बाजूनं छपरावर चढत. दोन-दोन तास वर असत. खाली उतरत ते घामानं डबडबून. "जिकिरीचं काम आहे, येरागबाळ्याचं नव्हे," असं म्हणून चहा मागत. एवढं करूनही गळती दर वर्षी वाढतच होती, याला कौलं बनवणाऱ्यांचा हलगर्जीपणा कारणीभूत आहे असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांनी चष्मा चढवून कागद वाचायला घेतला आणि एका ओळीवर ते थांबले.

"धुराडं!"

"काय?"

"धुराडं, नग एक! त्याच्या भोवतीनं पत्रा, सांधेभरणी, मजुरी वेगळी! अगं, आपल्या घराला धुराडं आहे का? सांग, आहे का?"

बायकोनं छताकडे पाहिलं. "नाही बाई."

"सापडला की नाही चोर! नसलेलं धुराडं लोकांच्या डोक्यावर बांधतात! लुटारू! चल, उठ. तू साक्षीदार."

"चुकून लिहिलं असेल हो. फोन करून सांगा. उगाच भांडू नका, ते चिडून दुसरीकडे काम घेतील आणि माझे गणवेश बसतील भिजत."

"फोन? त्यांच्या तोंडावर जाब विचारल्याशिवाय सही करणार नाही. त्यांनी तो फोटोच मला दाखवला पाहिजे!"

बायकोच्या गळ्यात शिलाईची टेप तशीच होती. ती काढायलाही तिला वेळ मिळाला नाही.

कंपनीचं कार्यालय म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर कौलांचे नमुने, आणि मोठ्या पडद्यासमोर बसलेली एक मुलगी.

"बसा ना काका. पाणी देऊ?"

"पाणी नको, धुराडं दाखवा!"

मुलगी गोंधळली, पण तिनं कागद पाहिला, बटणं दाबली आणि पडद्यावर घर आलं. वरून पाहिलेलं असलं तरी अंगणातल्या वाळत घातलेल्या चादरींसकट ओळखू येत होतं. मुलीनं एका कडेला टिचकी मारली, दुसऱ्या कडेला मारली, मधे रेघ आली आणि रेघेवर आकडा.

मापसाहेबांनी खिशातून स्वतः घेतलेल्या मापाची चिठ्ठी काढली. आकडा तंतोतंत तोच! त्यांना फार वाईट वाटलं.

"ते राहू दे. धुराडं कुठंय?"

"हे काय, मागच्या उतारावर. हा काळा गोल, आणि ही त्याची सावली. सावलीवरून उंची काढतो आम्ही."

मापसाहेब पुढे वाकले. काळा गोल. गोलाखालून काहीतरी लांबट बाहेर आलेलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग झरझर उतरला.

"हां हां!" ते एकदम म्हणाले. "धुराडंच ते! असतं जुन्या घरांना. आमच्याच लक्षात नव्हतं. द्या, कुठे सही करू?"

"सही काय करताय?" आता बायको पेटली. "नाहीच मुळी आपल्याला धुराडं! नसलेल्या वस्तूचे पैसे का म्हणून मोजायचे? तुम्हीच ना मघाशी लुटारू म्हणालात?"

"अगं, मोठं मन ठेवावं माणसानं..."

"मुली, ते मोठं करून दाखव गं."

"काही गरज नाही!" मापसाहेब ओरडले. पण टिचकी बसली होती.

काळा गोल म्हणजे छत्री होती. दांडा कौलांच्या फटीत रोवलेला. छत्रीखालून दोन पाय बाहेर आले होते, एकावर एक टाकलेले. पायांवर पायजमा होता, आणि पायजम्यावर मोठाली केशरी फुलं.

बायको पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"हा पायजमा," बायको सावकाश म्हणाली, "मी शिवलाय. बैठकीच्या पडद्याचं कापड उरलं होतं, त्याचा. असा पायजमा जगात दुसरा नाही." मग तिचा आवाज चढला. "आणि छत्रीच्या त्या कडेनं डोकावतेय ती माझी हरवलेली उशी! या उशीपायी मी शेजारणीशी वर्षभर बोलत नाहीये! 'तिनंच उचलली असेल, तिची नजर चांगली नाही,' असं कोण म्हणालं होतं?"

"जरा पाठ टेकली होती गं. कामात माणूस दमतो. नेमका त्याच क्षणी फोटो काढला, आता याला काय म्हणायचं! एखाद्या दिवसावरून माणसाची परीक्षा करतात का?"

"नाही काका," मुलगी फार अदबीनं म्हणाली. "एकाच फोटोत काही दिसलं तर आम्ही ते धरत नाही. आधीच्या वर्षीचा फोटोही ताडून पाहतो." तिनं बटण दाबलं. अंगणातल्या चादरी बदलल्या, झाड लहान झालं. छत्री आणि पाय जागच्या जागी होते. "दोन्ही वर्षी तिथेच होतं ना, म्हणून पक्कं बांधकाम समजलो आम्ही."

बायकोनं गळ्यातली टेप ओढून हातात घेतली. मापसाहेब दोन पावलं मागे सरकले. पण तिनं ती पडद्यावर लावली. छत्रीच्या दांड्यापासून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत, मग घराच्या रुंदीशी ताडून तिनं मनातल्या मनात हिशेब केला.

"ऐन माझ्या मशीनवर येतं," ती म्हणाली. "दर रविवारी दांडा रोवायला कौल सरकवायचं. आणि वर मला सांगायचं, कौलं बनवणारे हलगर्जी!"

मापसाहेबांनी मापाची चिठ्ठी घडी घालून हळूच खिशात सरकवली.

"मापात काही पाप नाही हो यांच्या," बायको म्हणाली. "पाप आपल्याच छपरावर होतं. आण गं मुली कागद, मी करते सही. उद्या माणसं पाठव."

"आणि काकू, धुराडं? ते काढून टाकू ना?"

"काढ. कायमचं काढ!"

छप्पर पावसाच्या आत झालं, गणवेश कोरडे राहिले, आणि उशी शेजारणीला माफीसकट दाखवून आणण्याचं काम मापसाहेबांवर आलं. हल्ली रविवारी जेवण झालं की ते शिलाईच्या खोलीत बसून गणवेशांना बटणं लावतात. मधेच डुलकी येते. पण आकाशात विमानाची नुसती घरघर ऐकू आली तरी, डोक्यावर पक्कं छप्पर असूनही, ते दचकून ताठ बसतात आणि भराभर सुई चालवू लागतात.