मान सरळ ठेवा, साहेब

या खेपेला आपण नाही, मुलाखत घेणारेच घाम पुसतील, असं भोंग्याने भर सलूनमध्ये जाहीर केलं. त्या वेळी त्याच्या हातात एका गिऱ्हाइकाचा गाल होता. गाल साबणात बुडालेला असल्यामुळे गिऱ्हाइकाने हरकत घेतली नाही.

भोंगा हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते बाकावर नंबर लावून बसणाऱ्या मंडळींनी ठेवलेलं. सलून त्याच्या वडिलांचं, आप्पांचं. एक गिऱ्हाईक उठलं की अंगावरचं कापड फटकन झटकून "पुढचा!" अशी आरोळी ठोकायचं काम शाळेत असल्यापासून भोंग्याकडे होतं, आणि ती ऐकून समोरच्या दवाखान्यातले पेशंटही उठून उभे राहत. पण सलूनचा उंबरा ओलांडला की हाच भोंगा लाजाळूच्या पानासारखा मिटायचा. आजवरच्या सगळ्या मुलाखतींत मिळून त्याने फक्त स्वतःचं नाव सांगितलं होतं. एका ठिकाणी तर तेही आप्पांचं सांगून आला.

इकडे आप्पांचं मनगट दुखायला लागलं होतं. काका थकून घरी बसले तेव्हापासून सलूनमधली दुसरी खुर्ची चादर पांघरून पडली होती. ही नोकरी हुकली तर सोमवारी चादर काढायची आणि त्या खुर्चीमागे कायमचं उभं राहायचं, असा आप्पांनी निकाल दिला. भोंग्याचा हात चांगला होता. कामाचा कंटाळाही नव्हता. दुखणं एवढंच होतं की या धंद्यात खुर्ची नेहमी दुसऱ्यासाठी असते. भोंग्याला स्वतः बसायचं होतं. खुर्चीत बसून पगार घेणारा माणूस त्याने फक्त कापडाखाली पाहिला होता.

उपाय त्याच्या ताईने काढला. "अरे, अनोळखी माणसांसमोर बोलायची सवय लागली की भीड चेपते," ती म्हणाली. "लोक त्यासाठी क्लास लावतात. तुझ्याकडे तर अनोळखी माणसं आपल्या पायांनी चालत येतात."

झालं! त्या दिवसापासून सलूनमध्ये मुलाखती सुरू झाल्या. आप्पांनी दाढ्या त्याच्यावर सोपवल्या. रोज दाढीला येणाऱ्या निवृत्त मास्तरांनी नियम घालून दिला : प्रश्न साबण लावायच्या आधी विचारायचा, उत्तर साबण लागल्यावर ऐकायचं. गिऱ्हाईक बसता बसता विचारायचं, "तुमच्यातला मोठा गुण कोणता?" की भोंगा ब्रश फिरवायचा आणि मागे उभा राहून, आरशात बघत, आपल्या गुणांची गाडी सोडायचा. मध्ये कोणी बोलत नसे. कोणी जांभई देत नसे. कोणाची भुवईसुद्धा हलत नसे, कारण गळ्यापाशी वस्तरा असे.

"बघितलं, ताई? माणसं श्वास रोखून ऐकतात."

ताईने आरशातल्या एका गिऱ्हाइकाचे विस्फारलेले डोळे पाहिले आणि तिलाही ते खरं वाटलं.

मुलाखत पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कंपनीत होती, तक्रार खात्यातल्या जागेसाठी. टाकी गळली की चिडून येणाऱ्या लोकांना शांत करायचं काम. टेबलापलीकडे तिघं बसले होते : मधे मोठे साहेब, एका बाजूला चष्म्यातल्या बाई, दुसऱ्या बाजूला सतत पेन टकटकवणारा एक तरुण.

"बसा," साहेब म्हणाले.

भोंगा बसला, आणि तिथेच घात झाला. बसून बोलायचा सराव त्याने एकदाही केला नव्हता. समोर आरसा नव्हता, कापड नव्हतं, आणि ते तीन चेहरे चक्क हलत होते! कोरडे, उघडे, भुवया उडवणारे चेहरे. बाईंनी स्वतःविषयी सांगायला सांगितलं. भोंग्याच्या घशातून संपलेल्या ट्यूबमधून निघावा तसा एक पुसट आवाज निघाला आणि तोही अर्ध्यात सुकला.

त्याच्या डोळ्यांपुढे ती चादर आली. तेवढ्यात साहेबांच्या मागचं काचेचं कपाट त्याला दिसलं. काचेत साहेबांची मान दिसत होती आणि मानेवरचे केस एका बाजूला जास्त उतरले होते. कोणी कापले होते देव जाणे.

"उभं राहून बोललं तर चालेल?" त्याने पुटपुटत विचारलं.

चालेल म्हणाले. भोंगा उठला, टेबलाला वळसा घालून साहेबांच्या खुर्चीमागे गेला, त्याने खुर्ची अलगद कपाटाकडे फिरवली आणि काचेत बघितलं. पुन्हा सगळं जागच्या जागी आलं. छातीतून आवाज असा उसळला की पेनाची टकटक थांबली. चिकाटी, वक्तशीरपणा, लोकांचं ऐकून घ्यायची तयारी, सगळं तो धो धो बोलत गेला. सवयीने त्याचा हात साहेबांच्या डोक्यावर गेला.

"मान सरळ ठेवा, साहेब."

साहेबांनी ठेवली. त्या आवाजात सांगितल्यावर भले भले ठेवतात. बोटं आपोआप मालिश करू लागली, साहेबांचे डोळे मिटले आणि कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या.

बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

भोंग्याने काचेत पाहिलं. "इथेच. या खुर्चीच्या मागे."

हे आपण काय बोललो, ते कळायच्या आत मालिश संपली होती. हात थांबत नसतात. त्याने खिशातला रुमाल काढला, साहेबांची कॉलर फटकन झटकली आणि दाराकडे तोंड करून जन्मात दिली नव्हती अशी आरोळी दिली, "पुढचा!"

दार उघडलं. बाहेर थांबलेला पुढचा उमेदवार आत आला, भोंग्याने रिकामी केलेल्या खुर्चीत बसला आणि बसल्या बसल्या घडाघडा बोलू लागला. भोंगा रुमालाची घडी घालत बाहेर पडला.

सोमवारी चादर निघाली. आप्पांनी खुर्ची पुसून दिली. थोड्याच दिवसांत अर्जावरचा पत्ता शोधत मोठे साहेब सलूनच्या दारात उभे राहिले. आप्पांची खुर्ची मोकळी होती, तरी ते सरळ दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले.

साबण लागेपर्यंत भोंगा गप्प होता. मग आरशात बघत त्याने खणखणीत आवाजात विचारलं, "साहेब, माझं काय चुकलं?"

साहेब काहीतरी बोलू लागले. "हलू नका," भोंगा म्हणाला, कारण वस्तरा गळ्यापाशी होता. दाढी होईपर्यंत दोघांनाही थांबावं लागलं.

तोंड पुसल्यावर साहेब म्हणाले, "चुकलं कुठे? तापलेल्या माणसाला गप्प बसवणारा आम्हाला हवाच होता. मी डोळे मिटून तुम्हाला निवडलं होतं. पण तुम्हीच 'पुढचा' म्हणालात. आम्हाला वाटलं, जागा तुमच्या पसंतीस उतरली नाही."

भोंग्याने वस्तरा पुसून ठेवला. साहेबांनी मान मागे टेकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता जरा मालिश होऊ दे. त्या दिवशीसारखी."

तेव्हापासून दुसऱ्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक उठलं की भोंगा कापड झटकतो आणि गप्प उभा राहतो. पुढचा कोण, ते बाकावरची मंडळी आपापसात ठरवतात.