ढवळणी पूर्ण वेगात

त्या काळी माझ्याइतका हुशार संशोधक अख्ख्या इमारतीत नव्हता! म्हणजे, असं माझं मत होतं. आमची प्रयोगशाळा तळमजल्यावरच्या दोन खोल्यांची. एक कुरकुरणारा पंखा, सर, मी आणि माझ्या आधी रुजू झालेली ताई. तिथला स्पिरिटचा वास अजून नाकात आहे.

आमचं कर्करोगावरचं औषध मोठं गुणी, पण पाण्याशी त्याचा उभा दावा! रुसलेल्या जावयासारखं तळाशी जाऊन बसायचं. त्याला प्रथिनाच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळायचं आणि रक्तातून गाठीपर्यंत पोचवायचं, हे आमचं काम.

एके सकाळी सर म्हणाले, "आज कर्करोगाच्या डॉक्टरबाई येतायत. त्यांना पटलं, तरच रुग्णांपर्यंत जाता येईल."

"डोळे मिटून करतो, सर!"

"उघडे ठेवून कर," ताई पुटपुटली.

ती हे मिश्रण चमचाभरच बनवायची, तेही हळूहळू ढवळत. मी म्हटलं, पाहुण्यांना भरपूर दिसायला हवं! सगळ्यात मोठं बीकर घेतलं आणि ढवळणी पूर्ण वेगात सोडली. प्रथिनच ते! फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं फुगलं. फेस बीकरबाहेर, टेबलावर, माझ्या खिशात!

"ताई, फेस कशाने मरतो गं?"

"स्पिरिट ओत! सिंकजवळची पांढरी बाटली!"

सिंकजवळ पांढऱ्या बाटल्या दोन होत्या. मी ओतली ती साबणाची.

पुढचं काय सांगू! फेस दारातून व्हरांड्यात फिरायला निघाला आणि नेमक्या समोरून डॉक्टरबाई आल्या. घोट्यापर्यंत फेसात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "हे रुग्णाला पाजायचं की चोळायचं?"

सर आणि ताई पोट धरून हसायला लागले. शेवटी मीही.

मग ताईने आपण काल बनवलेल्या मिश्रणाची कुपी पुढे केली. बाई ती खिडकीशी घेऊन गेल्या.

"तळाशी काहीच नाही?" त्यांचा आवाज बदलला. "सध्या हे औषध ज्या द्रावातून देतो ना, त्यानेच माझी माणसं थरथरतात. अंगभर गांधी उठतात. हे काम थांबवू नका. मी आहे तुमच्याबरोबर."

आज माझी प्रयोगशाळा चकाचक आहे. फेस होतच नाही. पण तसं हसूही कुठे येतं!

त्या दिवशी बाई निघेपर्यंत मी गुडघ्यांवर बसून सगळं पुसून काढलं होतं. दारात त्या थबकल्या. "सर, या मुलाला जपा हं."

मी कॉलर ताठ केली.

"आमच्या रुग्णालयात इतकी स्वच्छ फरशी कुणालाच जमत नाही!"