कंबरेला मंजुरी

कार्यालयाच्या बेसबॉल संघात हेडक्लार्क तीन मोसम होते आणि तेवढ्या काळात त्यांची बॅट एकाही बॉलला लागली नव्हती. याबद्दल बॉलची काही तक्रार नव्हती. पण यंदा कप्तानाने सांगून टाकलं, "साहेब, शनिवारी एक तरी फटका मारा. नाहीतर पुढच्या वेळेपासून गुण लिहायला बसा." त्यात शनिवारी नात बघायला येणार होती. हेडक्लार्कना धडकीच भरली.

त्यांनी पुस्तक आणलं. वजन आधी मागच्या पायावर घ्यायचं, मग पुढच्या. कंबर पहिली फिरवायची, खांदे तिच्यामागून, हात सगळ्यात शेवटी. वाचून त्यांचा जीव भांड्यात पडला. ही तर टेबलावरून टेबलावर जाणारी फाइल होती, आणि फाइल पुढे जाऊ न देण्यात त्यांचा हात धरणारं कार्यालयात कोणी नव्हतं.

त्यांनी अवयवनिहाय निरीक्षक नेमले. पाय रोखपालाकडे, कंबर टंकलेखिकेकडे, खांदे आवक-जावक कारकुनाकडे. आधीच्या निरीक्षकाने "झालं" म्हटल्याखेरीज पुढच्या अवयवाने हलू नये, असं परिपत्रक निघालं. सरावात बॉल वापरला नाही. बॉलमुळे पद्धतीत व्यत्यय येतो, असा पूर्वानुभव होता.

शनिवारी पहिला बॉल आला. "पाय झाले," रोखपाल म्हणाला, तोवर बॉल गेला. दुसऱ्या बॉलला मंजुरी कंबरेपर्यंत पोहोचली. तिसऱ्या वेळी मात्र सगळ्यांचं "झालं" मिळालं आणि हेडक्लार्कनी असा देखणा फटका मारला की मैदान बघतच राहिलं. पंच त्याआधीच, तिन्ही बॉल हुकले म्हणून, त्यांना बाद देऊन पाणी प्यायला गेला होता.

"आजोबा, बॉल कुठे होता?" नातीने विचारलं.

"तो जरा लवकर आला गं," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पुढच्या वेळी गुपचूप नुसता बॉल बघून बॅट फिरवावी, असंही क्षणभर मनात आलं.

तेवढ्यात कप्तान आला. "साहेब, इतकी शास्त्रशुद्ध कंबर मी जन्मात पाहिली नाही. फटक्याचं सोडा, तुम्ही आता शिकवाच."

एवढं ऐकल्यावर लाज कुठली टिकते. आता दर शनिवारी चाळीस माणसं ओळीत उभी राहून हवेत बॅट फिरवतात. नात मात्र गल्लीत खेळते. तिला कोणी काही शिकवलेलं नाही, त्यामुळे तिचा बॉल थेट तिसऱ्या घराच्या गच्चीवर जातो. हे असंच चालू राहिलं तर पोरीचं नुकसान होईल, म्हणून आईवडिलांनी तिचं नाव आजोबांच्या वर्गात घातलंय. बाकीच्या मुलांच्या प्रवेशासाठी कार्यालयाच्या खिडकीवर रांग लागली आहे. तुमचा नंबर सतरावा आहे, आणि तुम्ही वशिला शोधताय.