पलंगाखालचा डावा बूट

पॉलिशची डबी रिकामी निघाली म्हणून आदल्या संध्याकाळी मी बुटांना लोणी चोळलं. (हसू नका. लोणीही चकाकतं.) सकाळी अकराला बढतीची मुलाखत होती, बुटांचा जोड एकच आणि हेडक्लार्क व्हायची ही माझी शेवटची संधी.

नऊ वाजता उजवा बूट दाराशी होता. डावा पलंगाखाली, आमच्या कुत्र्याच्या पंजांत.

"दे बरं, राजा," म्हणत मी हात पुढे केला.

"गुर्रर्र!"

ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "घरात मालक कोण ते दाखव त्याला. तूही गुरगुर!"

इस्त्रीच्या पँटीत मी ओणवा झालो आणि गुरगुरलो. कुत्र्यानं बूट आणखी जवळ ओढला, दात दाखवले आणि असा काही आवाज काढला की मी उलटा रांगत थेट बायकोच्या पायांशी पोहोचलो.

बायको बालवाडीत शिकवते. तिनं एकदा माझ्याकडे, एकदा पलंगाखाली पाहिलं.

"हिसकावायला गेलात ना?"

"अगं, माझाच बूट आहे!"

"त्याला काय माहीत? तुम्ही घेऊन जाल म्हणून घाबरलाय तो. गुरगुरून सांगतोय तरी! न सांगता चावला असता म्हणजे?"

मग तिनं उकडलेलं अंडं आणलं, पलंगापासून चार हात लांब पाठमोरी बसली आणि एक तुकडा मागे टाकला. ओरडणं नाही, घाई नाही. दुसरा तुकडा जरा अलीकडे, तिसरा दाराशी. इकडे साडेनऊ वाजलेले, मी नखं खातोय आणि ही बाई निवांत! उरलेलं अंडं स्वयंपाकघरात पडलं, कुत्रा शेपटी हलवत आत गेला, दार लागलं आणि बूट माझ्या हातात आला. वीस वर्षांच्या संसारात मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. खरं सांगतो, डोळे भरून आले.

मुलाखतीत प्रश्न आला, "हाताखालचा माणूस फाइल दाबून बसलाय. मागितली की अंगावर येतो. काय कराल?"

"हिसकावणार नाही," मी ठासून म्हणालो. "लांब पाठमोरा बसून उकडलेलं अंडं टाकीन."

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळंच सांगावं लागलं (लोण्यासकट). ऐकता ऐकता तिन्ही साहेब माना डोलावू लागले. मोठे साहेब तर खुर्चीत पुढे सरकले.

"वा! या जागेवर अशीच व्यक्ती हवी," ते म्हणाले. माझी छाती फुगली.

"तुमच्या मिसेस नोकरी बदलतील का, तेवढं विचारून सांगा."